एमआरआयच्या बिलातील खरी रक्कम

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून, गुडघ्याचा अथवा पाठीचा एमआरआय काढून आल्यानंतर काही आठवड्यांनी टपालाने येणारा एक कागद मोठी धास्ती उत्पन्न करतो. इस्पितळाने आकारलेली प्रचंड रक्कम त्यावर पहिल्याच रकान्यात असते, आणि ती सर्व आपल्याच पदरी येणार असे समजून कित्येक जण तत्काळ पैसे भरण्याच्या तयारीस लागतात. वस्तुतः तो कागद म्हणजे बिल नव्हेच, आणि तशी सूचना त्यावर बहुधा छापलेलीही असते. विमा कंपनीने रुग्णास धाडलेला तो हिशेबाचा खुलासा असून, ईओबी या संक्षिप्त नावाने तो तिकडे सर्वांस परिचित आहे.

त्यातील पहिली रक्कम इस्पितळाच्या स्वतःच्या दरपत्रकातली असते, आणि करारबद्ध विमा कंपनी त्या दराने सहसा पैसे देत नाही. समजा, एमआरआयचे ३,२०० डॉलर आकारले, परंतु विमा कंपनी आणि इस्पितळ यांच्यातील करारनाम्याने त्याच तपासणीचा दर ९०० ठरला आहे; तर हिशेब सुरू होतो तो या ९०० पासून. रुग्णाच्या वार्षिक डिडक्टिबलपैकी, म्हणजे विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी त्याने स्वतः भरावयाच्या रकमेपैकी, ५०० डॉलर भरावयाचे बाकी असतील, तर ते प्रथम त्याने द्यावयाचे. उरलेल्या ४०० पैकी रुग्णाचा वाटा पॉलिसीनुसार वीस टक्के असेल, तर ते, म्हणजे ८०, हेही त्याचेच. आणि कंपनीच्या वाट्यास येतात अवघे ३२०. मग बाकीचे २,३०० डॉलर कंपनीने भरले, हा जो सार्वत्रिक समज आहे, त्याला काहीच आधार नाही. ते कोणीही भरले नाहीत. करारान्वये ते सोडून दिले गेले, आणि नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करारबद्ध असलेल्या, इस्पितळास ते रुग्णाकडून वसूल करण्याचा अधिकार नाही.

दुसरा समज असा की, तपासणी एकच असल्यामुळे तिचा दरही सर्वत्र सारखाच असावा, आणि जेथे तो अधिक तेथे यंत्रही अधिक चांगले असावे. गुडघ्याच्या साध्या एमआरआयचा सांकेतिक क्रमांक, ७३७२१, सर्वत्र एकच. तथापि इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागातील दर आणि त्याच गावातील स्वतंत्र इमेजिंग केंद्रातील दर यांत कित्येक पटींची तफावत आढळते. ही तफावत यंत्राच्या गुणवत्तेतून उद्भवलेली नसून, करार करताना कोणत्या पक्षाचे पारडे जड होते, यातून प्रामुख्याने ती निर्माण होते. आणि विम्याचा दर तोच सर्वांत स्वस्त, हेही गृहीत धरू नये. रोखीने भरणाऱ्यास काही ठिकाणी त्याहूनही कमी दर मिळतो, मात्र ती रक्कम सामान्यतः डिडक्टिबलच्या हिशेबात धरली जात नाही.

एमआरआयनंतर दुसरे बिल आले की ती फसवणूकच, असेही अनेकांस वाटते. वस्तुतः यंत्र चालविण्याचा आकार आणि प्रतिमा वाचून अहवाल लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे मानधन ही दोन निरनिराळी कलमे आहेत, आणि ती पुष्कळदा दोन स्वतंत्र बिलांतून येतात. इस्पितळ नेटवर्कमध्ये पण रेडिओलॉजिस्ट नेटवर्कबाहेरचा, या पेचात पूर्वी रुग्ण अकारण भरडला जात असे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या नो सर्प्राइजेस कायद्याने नेटवर्कबाहेरच्या दराने होणाऱ्या वाढीव वसुलीस प्रतिबंध केला आहे. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते, कारण अंधाऱ्या खोलीत बसून प्रतिमा वाचणारा डॉक्टर रुग्णाने निवडलेला नसतो.

दर गुप्तच असतात, ही तक्रार मात्र आता पूर्णांशाने खरी नाही. १ जानेवारी २०२१ पासून इस्पितळांवर आपले करारातील दर प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, आणि विमा कंपनीच्या संकेतस्थळावरही अंदाज मिळतो. तेव्हा तपासणीपूर्वीच, तिचा सांकेतिक क्रमांक सांगून, दोन-तीन ठिकाणचा दर विचारावा.

भारतातून भेटीस आलेल्या आईवडिलांचे प्रकरण निराळे. त्यांच्यासाठी घेतलेली पॉलिसी ठरावीक रकमेची असेल, तर प्रत्येक तपासणीस नेमून दिलेला आकडा तेवढा कंपनी देते, मग बिल कितीही असो; म्हणून पॉलिसीतील ते कोष्टक विमानात बसण्यापूर्वीच वाचलेले बरे.

बिल हाती आल्यावर त्याची तपशीलवार प्रत मागवून ती ईओबीशी ताडून पाहावी. कॉन्ट्रास्टसाठी, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या द्रव्यासाठी, सुई टोचलेलीच नसताना ७३७२१ ऐवजी कॉन्ट्रास्टसह तपासणीचा ७३७२३ लिहिलेला असेल, तर अखेरच्या एका अंकाने रक्कम वाढलेली असते, आणि ती दुरुस्त करवून घेता येते. विम्याने दावा नाकारल्यास अपिलास साधारणतः १८० दिवसांची मुदत असते. ना-नफा तत्त्वावरील इस्पितळांस तर अल्प उत्पन्नाच्या रुग्णांसाठी लेखी अर्थसाहाय्य धोरण ठेवणे कायद्याने भाग आहे. त्याचा अर्ज बिलाच्या विभागात मागितला असता मिळतो, आणि तो पहिले बिल आल्यानंतरही करता येतो.