रिकाम्या टाकीची ताकद

पेट्रोल पंपासाठी खणलेल्या खड्ड्यात टाकी उतरवली, आणि रात्री धो-धो पाऊस झाला. सकाळी बघावं तर टाकी वर आलेली, वाकडीतिकडी तरंगतेय! असं खरोखर घडतं. २० हजार लिटरची बंद टाकी पूर्ण बुडाली की पाणी तिला सुमारे २० टनांच्या जोरानं वर रेटतं. तिचं स्वतःचं वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून ती काँक्रीटच्या स्लॅबला पट्ट्यांनी जखडतात आणि खड्डा बुजेपर्यंत तिच्यात पाणी भरून ठेवतात. पाण्यात तरंगू नये म्हणून पोटात पाणी!

कारखान्यातल्या उंच टाक्यांचं काम म्हटलं की आपल्याला पहिली भीती पडण्याची वाटते. त्यावर मोठी झकास तोड निघालेली आहे. पाया आणि तळ झाला की पुष्कळ ठिकाणी छप्पर आणि सगळ्यांत वरचं कडं खालीच जोडतात. मग हायड्रॉलिक जॅकनी ते उचलायचं, त्याखाली पुढचं कडं वेल्ड करायचं, पुन्हा उचलायचं. वेरूळच्या कैलासासारखी टाकी वरून खाली घडत येते, आणि वेल्डर जमिनीलगतच राहतो.

टाकी उभी राहिली की ती पाण्यानं भरून बघतात. हे पाणी म्हणजे नुसती गळतीची तपासणी नव्हे. पत्रा, वेल्डिंग आणि खालची जमीन, सगळ्यांनाच ते भार पेलायला लावतं. बोस्टनला १९१५ मध्ये ५० फूट उंचीची मळीची टाकी बांधली, तेव्हा घाईत तिच्यात फक्त सहा इंच पाणी सोडून पाहिलं होतं. मळी पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. १५ जानेवारी १९१९ रोजी ती टाकी फुटली. मळीच्या लाटेनं २१ माणसं मारली. आपल्या साखर कारखान्यांच्या आवारात अशाच मळीच्या टाक्या उभ्या असतात, त्यामुळे मला तरी ही गोष्ट परदेशातली वाटत नाही.

चाचणीनंतर पाणी काढून टाकायचं, एवढं साधं काम. पण छपरावरचं झाकण बंद राहिलं, तर उतरत्या पाण्याची जागा घ्यायला हवा येणार कुठून? बाहेरची हवा दर चौरस मीटरला १० टनांनी दाबत असते. एरवी आतली हवा तेवढ्याच जोरानं उलट रेटते म्हणून ते कळत नाही. आतला जोर थोडासा जरी कमी झाला, तरी इतक्या टन पाण्याला न डगमगलेला पत्रा आत चेपतो.

आणि झाकण लावून ती ओली टाकी तशीच राहिली तर? लोखंड गंजतं, म्हणजे हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं. नव्याकोऱ्या टाकीत पाण्याखेरीज कधी काहीच गेलेलं नसतं, तरी आतली हवा मारक होऊ शकते. तिला वास नाही, रंग नाही. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे जीव गुदमरतही नाही! श्वासाची तगमग आपल्याला होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडल्याची शरीर तशी बोंब ठोकत नाही. उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सुरळीत बाहेर पडत असतो, आणि ऑक्सिजन फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो.

म्हणून आत उतरण्याआधी पंख्यानं हवा खेळवायची, मग मीटर आत सोडायचा: वर, मध्ये, तळाशी. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५च्या खाली आकडा गेला की आत कुणी उतरायचं नाही. पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर आत नेलेला हातदिवासुद्धा २४ व्होल्टच्या वरचा नको, १९४८च्या फॅक्टरी कायद्यातच तसं म्हटलं होतं. मॅनहोलपाशी एक माणूस सतत बसवतात. आतला कोसळला तर त्यानं हाकाटी करायची, आतल्याच्या पट्ट्याला बांधलेला दोर ओढायचा. स्वतः आत शिरायला मात्र त्याला सक्त मनाई असते, कारण अशा टाक्यांतून बाहेर काढलेल्या प्रेतांमध्ये वाचवायला गेलेल्यांचीही असतात.