सेवा, साक्ष आणि दयेची मक्तेदारी

ख्रिस्ती माणसावर त्याच्या धर्माने दोन कामे सोपविली आहेत. भुकेल्याला अन्न देणे व आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे एक. आपल्याला लाभलेली श्रद्धा इतरांना सांगणे, म्हणजे त्यांच्या परिभाषेत साक्ष देणे, हे दुसरे. पहिल्या कामाबद्दल आपल्याकडे सहसा कोणाची तक्रार नसते. मिशनच्या दवाखान्याबाहेरच्या रांगेत कट्टर सनातनीही निमूटपणे उभे असतात. दुसरे काम सुरू झाले की मात्र भुवया उंचावतात; आणि दोन्ही कामे एकाच छपराखाली होऊ लागली की हेतूंची झडती सुरू होते. सेवा अवश्य करा, धर्म मात्र घरी ठेवा, हा आपल्या सुशिक्षितांचा ठरलेला सल्ला आहे. तो दिसतो तितका सोपा नाही. ज्याची सेवा त्याच्या श्रद्धेतूनच उगम पावते, त्याला ती श्रद्धा लपवावयास सांगणे म्हणजे विहिरीचे पाणी घ्यावे आणि झरा तेवढा बुजवावा असे म्हणण्यासारखे आहे. पण उलट बाजूनेही एक प्रश्न उरतोच. मदतीसाठी ज्याने हात पसरला आहे, त्याच्या होकाराला किती किंमत द्यावयाची?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत धारदारपणे उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या संस्थांमध्ये. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. दहा वर्षे पैसा पुरविण्याची हमी मंडळाने दिली. संस्थेत धर्मशिक्षण असणार नाही, हे त्या योजनेचे सूत्र होते. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली.

पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. पण ज्या मुद्द्यावर बिनसले तो मुद्दा सहसा नीट मांडला जात नाही. विधवा मुलींना आपापले सोवळेओवळे, व्रतवैकल्ये पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि त्या वेळी दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली, सल्लागारांनी दार लावून घेण्याच्या अर्थाचा आग्रह धरला आणि रमाबाईंनी तो मानला नाही. शिकविणार नाही असे आपण वचन दिले आहे, लपविणार असे दिलेले नाही, असा त्यांच्या भूमिकेचा सारांश होता. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची अडचण समजण्यासारखी होती. समाजाचा विश्वास गेला असता तर विधवांच्या शिक्षणाचे कामच बुडाले असते. तरीही या एका मुद्द्यावर प्रस्तुत लेखकाचे मत रमाबाईंच्या बाजूने पडते. तटस्थता आणि लपवालपवी या दोन गोष्टी एक नव्हेत. शिवाय त्या मुलींना काढून नेणारे कोणी होते, ही साधी गोष्ट येथे फार महत्त्वाची आहे.

आता केडगावकडे पाहावे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि मरणाच्या दारातल्या मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात आणखी आल्या. ज्यांचे आईबाप व बहीण रमाबाईंच्या तरुणपणी मद्रास इलाख्यातल्या भटकंतीत उपासमारीने खंगून गेले, त्या बाईला दुष्काळाचे वर्णन कोणी ऐकविण्याची गरज नव्हती. केडगावच्या माळावर शेती झाली, विहिरी खणल्या गेल्या, विणकाम, दूधदुभते, छापखाना असे उद्योग उभे राहिले. दानावर चाललेल्या संस्थेने मुलींच्या हाती कसब देण्याचा असा प्रयत्न करावा, ही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष भावणारी गोष्ट आहे. पण मुक्ती सदनात धर्मशिक्षण उघडपणे होते आणि शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना काढून न्यावयास कोणीही येणार नव्हते.

शारदा सदन आणि मुक्ती यांतला भेद मला येथे दिसतो. एखाद्या व्यवहाराला मुक्त केव्हा म्हणावे? ज्याला नको असेल त्याला उठून जाता येते आणि जाण्यासाठी दुसरे ठिकाण असते, तेव्हा. बाजारपेठेत दुकान एकच असेल तर दुकानदार कितीही सज्जन असला तरी गिऱ्हाइकाची निवड ही निवड नव्हे. रमाबाईंच्या सज्जनपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ज्या बाईने १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेवर वर्तमानपत्रातून जाहीर टीका केली आणि इंग्लंडमधल्या आपल्या धर्मभगिनींशीही मतांवरून वाद घातला, ती कोणाची हस्तक नव्हती. पण दुष्काळातून आलेल्या दहा वर्षांच्या पोरीपुढे जगात एकच दार उघडे होते, हेही तितकेच खरे आहे.

मात्र ही मक्तेदारी रमाबाईंनी निर्माण केली होती काय? मध्य प्रांताच्या त्या रस्त्यांवरून जाण्यास पुण्याच्या शास्त्र्यांना कोणी मनाई केली नव्हती. दयेच्या क्षेत्रातली मक्तेदारी बहुधा दुसऱ्यांच्या गैरहजेरीतून उत्पन्न होते. ज्यांना हे उमगले त्यांनी लेख लिहीत बसण्याऐवजी दुसरे दार उघडले. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डहून शिकून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यवर्गासाठी संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावात 'मिशन' हा शब्द त्यांनी निःसंकोचपणे ठेवला. ख्रिस्ती मिशनऱ्यांना याहून चांगले उत्तर त्या काळात दुसरे कोणी दिल्याचे मला आढळत नाही.

आज आपण हा प्रश्न कायद्याकडे सोपविला आहे. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचा हक्क आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क अंतर्भूत नाही असा निर्वाळा दिला. बळ, फसवणूक व प्रलोभन यांना बंदी करणारे ओरिसाचा १९६७ चा आणि मध्य प्रदेशचा १९६८ चा कायदा त्या वेळी न्यायालयात टिकले. बळ आणि फसवणूक यांविषयी वाद नाही. पण 'प्रलोभन' हा शब्द मोठा लवचीक आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात त्याच्या व्याख्येत नोकरी येते, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण येते आणि अधिक चांगले राहणीमानही येते. ही व्याख्या शब्दशः लावली तर शारदा सदनच काय, मुलांना फुकट शिकविणारी आणि आपला देव न लपविणारी कोणत्याही धर्माची कोणतीही संस्था संशयित ठरू शकेल. गरिबाला मिळणारी प्रत्येक चांगली गोष्ट जर प्रलोभन असेल, तर त्याच्या वाट्याला फक्त वाईट गोष्टी आल्या तरच त्याचे मन शुद्ध राहिले असे म्हणावे लागेल.

परदेशी देणग्यांच्या कायद्यातही २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि संस्थेच्या प्रशासनावरील खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. हिशेब तपासले जावेत यात गैर काही नाही. बोस्टनचे मंडळही रमाबाईंकडून हिशेब घेतच होते. पण जमाखर्चाच्या वहीत जे दिसत नाही ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याने वसतिगृहात जाऊन विचारावे: येथील मुलगी प्रार्थनेला गेली नाही तर तिचे जेवण, तिची फी, तिची खाट यांत काही फरक पडतो काय? तिला येथून निघून जावयाचे ठरले, तर याच तालुक्यात तिला घेणारे सरकारी वसतिगृह आहे काय, आणि त्यात जागा रिकामी आहे काय? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिशनने द्यावयाचे आहे. दुसऱ्याचे सरकारने आणि आपण.