उचलीचा धागा

संगमनेरच्या बाजारपेठेत माझं तयार कपड्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी, ऊसतोड ऐन भरात असताना, आष्टीकडचं एक जोडपं दुकानात आलं. बाईच्या कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. तिच्यासाठी होजिअरीचा एक फ्रॉक दोघांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. किंमत दोनशे चाळीस रुपये. नवरा म्हणाला, "ताई, ह्यो बाजूला ठिवा. मुकादमाला इचारून येतो."

दुकानात येणारी माणसं बायकोला विचारतात, सासूला विचारतात. लेकीच्या फ्रॉकसाठी मुकादमाला विचारावं लागणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. तशी ही माणसं दर हंगामात माझ्या दुकानासमोरून जातच होती. पंधरा दिवसांनी तो आला, फ्रॉक घेऊन गेला. तोवर मी तो वेगळा बांधून ठेवला होता.

ज्यांना ऊसपट्ट्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम, म्हणजे तोडणीसाठी मजूर आणणारा ठेकेदार, एका कोयत्याला, म्हणजे एका जोडप्याला, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. ही उचल ऊस तोडून फेडायची. हंगाम संपेपर्यंत फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. हिशोब मुकादमाच्या वहीत. मधे किराण्यासाठी खर्ची मिळते, तीही उचलीवर चढते. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक असतील, पण पाळीच्या दिवसांत काम चुकून खाडा पडेल ही भीती त्यांतलं एक आहे.

कर्ज फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, या अवस्थेला आपला कायदा वेठबिगारी म्हणतो. संविधानाच्या कलम २३ ने ती बंद केली, १९७६ च्या कायद्याने तिला शिक्षा ठरवली. जगात आता हा आधुनिक गुलामगिरीचाच एक प्रकार मानतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये २ कोटी ७६ लाख माणसं सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती.

आता त्या फ्रॉककडे येते. मी तो मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून आणला होता. कुठे शिवला, असं विचारलं तर तो म्हणाला, "तिरुपूरचा माल आहे." सूत कुठलं, कापूस कुठला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग मी वाचायला घेतलं, आणि तमिळनाडूच्या सूतगिरण्यांतली 'सुमंगली' योजना पहिल्यांदा कळली. गरीब घरातल्या अविवाहित मुलींना साधारण तीन वर्षांच्या करारावर गिरणीत आणायचं, गिरणीच्याच वसतिगृहात ठेवायचं, आणि मजुरीचा मोठा भाग करार संपल्यावर एकरकमी द्यायचा, लग्नासाठी म्हणून. मुलगी मधेच आजारी पडली, घरी गेली, तर ती रक्कम बुडायची. आपल्याकडे पैसे आधी देऊन माणूस बांधतात, तिकडे मागे ठेवून बांधत होते. गाठ तीच. कोइम्बतूर, दिंडिगूल, तिरुपूरच्या पट्ट्यातलं सूत जगभरच्या नामांकित दुकानांच्या कपड्यांत जातं, म्हणून ही गोष्ट युरोपात पोचली आणि कंपन्यांना उत्तरं द्यावी लागली.

उत्तरं काय दिली, ते मी दुकानदाराच्या नजरेने पाहते. पहिलं उत्तर कागदाचं. पुरवठादाराकडून आचारसंहितेवर सही घ्यायची: बालमजूर नाहीत, सक्ती नाही, ओळखपत्रं अडकवून ठेवत नाही. दुसरं उत्तर तपासणीचं. बाहेरचा लेखापरीक्षक दोन-तीन दिवस कारखान्यात येतो, हजेरीपट पाहतो, कामगारांशी बोलतो, शेरा देतो. तिसरं उत्तर जाहीर निवेदनाचं. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना दरवर्षी असं निवेदन काढायला लावलं. पण 'आम्ही काहीच केलं नाही' असं लिहिलं तरी त्या कायद्याचं समाधान होतं! आपल्याकडे सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना अहवालात सक्तीच्या मजुरीच्या तक्रारी किती आल्या ते लिहायला लावलं आहे. चांगलं आहे. पण तक्रार करणारा माणूस त्या कंपनीच्या दारापर्यंत पोचतो कसा? आष्टीचा तो गडी कुठल्या साहेबाला पत्र लिहिणार?

तपासणीचं काय होतं, त्याचा दाखला कराचीचा. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथल्या एका कपडा कारखान्याला आग लागली. दारं बंद, खिडक्यांना गज. अडीचशेहून जास्त कामगार गेले. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच चांगल्या कामाच्या अटींचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं दगावली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालची बँक आणि दुकानं त्या सकाळी बंद राहिली. वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन आत पाठवलं. धोका दिसत असतानाही पगारासाठी पाय उचलावा लागला, ही सक्तीच होती.

माझी आई विड्या वळायची. संगमनेरात घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या, आजही बसतात. पानं आणि तंबाखू कारखान्यातून मोजून मिळायचा, विड्या मोजून द्यायच्या, मजुरी हजारावर. तिथे तपासणारा मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, आणि त्या विड्या परतही नाहीत. आई रात्री दिव्याखाली त्या भरून काढायची. तिला मी वेठबिगार म्हणणार नाही. ती कारखाना बदलू शकत होती, आणि एकदा तिने बदललाही. हा शब्द जपून वापरावा, नाहीतर त्याची धार जाते. पण आईमुळे मला एक कळलं: कारखान्याचं दप्तर कितीही चोख असो, खरं काम आमच्या ओट्यावर चालायचं आणि तिथे तपासायला कधी कोणी आलं नाही. कपड्यांचंही तसंच आहे. धागे तोडणं, बटणं, टिकल्या, भरतकाम हे सगळं घरोघर वाटलं जातं. सूत त्याच्याही मागे, कापूस वेचणारी बाई सगळ्यात मागे. लेखापरीक्षक शिलाईच्या कारखान्यापाशी थांबतो, आणि कर्ज त्याच्या कितीतरी आधी, कुणाच्या तरी ओसरीवर, दिलं जातं.

आणि एक गोष्ट कंपन्यांच्या निवेदनांत मला फारशी सापडली नाही: भाव. मी धंदा करते, मला हे कळतं. मी घाऊकवाल्याला दहा रुपये कमी करायला लावले की तो शिलाईवाल्याचे कापतो, शिलाईवाला कारागिराचे. माल चार दिवस आधी मागितला की कुणीतरी रात्र जागतं. २०२० च्या टाळेबंदीत बड्या परदेशी कंपन्यांनी बांगलादेशात तयार झालेला, शिवून घड्या घातलेला मालसुद्धा नाकारला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये, लेस्टर शहरातल्या शिलाई कारखान्यांत किमान वेतनाहून फार कमी मजुरी दिली जात असल्याचं उघड झालं. गरीब देशांतच असं होतं, हा समज तिथे संपला. माझ्या मते जी कंपनी गुलामगिरीविरुद्ध निवेदन काढते आणि त्याच पुरवठादाराकडून दरवर्षी भाव पाडून घेते, तिच्या निवेदनावर विश्वास ठेवू नये.

मग उपाय काय? जिथे कामगारांच्या संघटनेशी लेखी, बांधील करार झाला, तिथे फरक पडला. राणा प्लाझानंतर बांगलादेशात तसा करार झाला आणि कारखान्यांच्या इमारती खरोखर दुरुस्त झाल्या. आपल्या देशातलं उदाहरण दिंडिगूलचं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या कपडा कारखान्यातल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला, आरोप सुपरवायझरवर होता. स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या तमिळनाडूतल्या एका कामगार संघटनेने हा विषय सोडला नाही. २०२२ मध्ये एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या खरेदीदार कंपन्यांनी करार केले. कारखान्याच्या आतच कामगार बायकांना छळ ओळखायचं आणि नोंदवायचं प्रशिक्षण मिळालं. मालकाने करार मोडला तर खरेदीदारालाच पाऊल उचलावं लागणार होतं. तपासणारा विमानाने येत नव्हता, शेजारच्या मशीनवर बसलेला असायचा. मला यात सगळ्यात जास्त दम वाटतो.

ऊसतोडीतही हाच मार्ग आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती संघटनांनी संप आणि वाटाघाटी केल्या म्हणून. पण दर वाढला तरी हिशोबाची वही अजून मुकादमाकडेच आहे. कामगाराच्या हातात वहीची प्रत आणि उचल कारखान्याकडून थेट बँकेत, एवढं जरी झालं तरी गाठ सैल होईल.

मी घाऊकवाल्याला आता प्रत्येक खेपेला विचारते, माल कुठे शिवला. पहिल्यांदा तो हसला. गेल्या दिवाळीत त्याने दोन कारखान्यांची नावं लिहून दिली. तुम्हीही दुकानात विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की आम्हाला वर विचारावंच लागतं.

आणि उचलीपायी कुणाला अडकवून ठेवलेलं दिसलं, गावी जाऊ देत नाहीत, मुलाला गुरं-मेंढरं राखायला गहाण ठेवलंय असं कळलं, तर प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. १९७६ च्या कायद्याने सुटकेचा अधिकार त्यांना दिलेला आहे. वेठबिगारीचं कर्ज त्या कायद्याने रद्द होतं, ते फेडायचं नसतं. संगमनेरला प्रांत कार्यालय आहे.