गुण पोरांचे, मोजमाप गुरुजींचे

विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षक जोखण्याची कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान परीक्षेला बांधले. तपासनीस यायचा, वाचन, लेखन आणि अंकगणित तपासायचा आणि जितकी पोरे उत्तीर्ण तितके पैसे शाळेला मिळायचे. हीच रीत मुंबई इलाख्यातल्या अनुदानांतही आली. 1882 साली हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिला विरोध केला. जिथे गोरगरिबांना अजून शिक्षणाची गोडी लागलेली नाही, तिथे ही पद्धत कामाची नाही. अशा लोकांत स्वतःहून शाळा काढणाऱ्या शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या वादातला निम्मा मुद्दा त्यात येऊन गेला आहे.

महाराष्ट्रात गुणांची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग संकलित एक आणि संकलित दोन. पुढे हाच क्रम केंद्र सरकारच्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली नियतकालिक मूल्यांकन चाचणी या नावाने सुरू झाला. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीचे पेपर वरून छापून येतात. पेपर घेणारे गुरुजी, तपासणारे गुरुजी आणि गुण ऑनलाइन भरणारेही गुरुजीच.

गुणांचा पगाराशी थेट संबंध जोडला गेला तो 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने. 12 वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी मिळण्यासाठी प्राथमिक शाळा ‘प्रगत’ आणि ‘शाळासिद्धी’ या शाळा-मूल्यांकनात ‘अ’ श्रेणीची असावी, माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर असावा, अशा अटी त्यात होत्या. शिक्षक संघटना उठल्या आणि पुढे त्या अटी मागे घ्याव्या लागल्या. संघटनांचा प्रत्येक विरोध रास्त असतोच असे नाही. इथे मात्र गणित त्यांच्या बाजूने होते.

ते गणित कागदावर मांडून पाहता येते. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावात चौथीचा वर्ग आहे आणि पटावर 12 मुले आहेत, असे धरू. वार्षिक चाचणीत सर्वांचे मिळून 624 गुण, म्हणजे सरासरी 52. आता त्याच दिवशी 20 आणि 16 गुणांच्या लायकीची दोन पोरे गैरहजर राहिली, तर उरलेल्या दहांचे गुण 588 आणि सरासरी 58.8. शिकवण्यात तसूभर फरक नाही, तरी वर्ग जवळपास सात गुणांनी सुधारला! साठ मुलांच्या वर्गात दोन गैरहजर राहिल्याने सरासरी फारशी हलत नाही. छोट्या पटाच्या शाळेत प्रत्येक मूल सरासरी हलवते.

आणि गैरहजेरी इथे योगायोगाने येत नाही. गोंदिया हा धानाचा जिल्हा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, घरची मोठी माणसे बांधीत असतात आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली पोरे घरी राहतात. पायाभूत चाचणी याच सुमारास येते. एप्रिलमध्ये संकलित चाचणी, तर देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्ट्यात मोहफुले वेचण्याचे दिवस. शिवाय घरी पोवारी, हिंदी, छत्तीसगढी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी पेपरातले गणित आधी भाषेचे कोडे म्हणून सोडवावे लागते. त्याला बेरीज येत नाही की प्रश्नच कळला नाही, हे गुणांवरून समजत नाही. शहर जवळ असले की ऐपतीच्या घरची मुले कॉन्व्हेंटच्या बसमध्ये चढतात, तेव्हा गावातल्या शाळेच्या आणि शहरातल्या शाळेच्या सरासरीची तुलना ही बव्हंशी पालकांच्या खिशांची तुलना ठरते.

यावर तोडगा म्हणून अमेरिकेत ‘मूल्यवर्धन’ पद्धत पुढे आली. विल्यम सँडर्स हे संख्याशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत टेनेसी राज्याने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीकारली. मूल कुठे आहे ते न पाहता ते कुठून कुठे आले ते पाहायचे, हे तिचे सूत्र. एका वर्गाची सरासरी 70 वरून 74 झाली आणि दुसऱ्याची 35 वरून 50, तर शाबासकी दुसऱ्याला. हे नुसत्या निकालापेक्षा पुष्कळ न्याय्य आहे. पण 95 गुणांचे मूल आणखी चढणार कुठे? दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, वर्षाच्या मध्ये बदली होते, कधी निवडणुकीचे काम लागते. मग झालेली वाढ कोणाच्या नावावर लिहायची? अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने 2014 च्या निवेदनात नमूद केले की, बहुतेक अभ्यासांनुसार गुणांमधल्या एकूण फरकापैकी 1 ते 14 टक्के फरकच शिक्षकाशी जोडता येतो. बाकी सारे घर, गरिबी, शाळा आणि इतर कारणांचे. शिक्षक बिनमहत्त्वाचा, असा त्याचा अर्थ नाही. एका वर्षाच्या गुणांतून त्याचा वाटा अचूक वेगळा काढणे अवघड, एवढाच अर्थ आहे.

याहून मोठी अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. गुणांवर नोकरी टांगली की गुणच बिघडतात. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात 2009 च्या चाचण्यांतली उत्तरे शिक्षकांनी खोडून दुरुस्त केल्याचे उघड झाले. 2011 च्या चौकशी अहवालात 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली. इतके लांब जायलाही नको. गोंदियाला बालाघाट लागून आहे, त्या मध्य प्रदेशात सरकारी चाचण्यांचे गुण बाहेरच्या तटस्थ फेरचाचणीशी ताडून पाहिले गेले, तेव्हा सरकारी आकडे खूपच फुगलेले निघाले. आंध्र प्रदेशात टॅबलेटवर घेतलेल्या चाचणीने हा फुगवटा बराच आटोक्यात आणला.

मात्र गुणांना बक्षीस जोडणे नेहमीच फसते, असेही नाही. त्याच आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी शाळांत प्रयोग केला. मुलांच्या प्रगतीवर शिक्षकांना छोटा बोनस ठेवला आणि दोन वर्षांनी त्या शाळांची मुले भाषेत व गणितात इतरांच्या पुढे निघाली. पण तिथे चाचणी शाळेबाहेरच्या माणसांनी घेतली होती आणि प्रगतीची मोजणी मुलाच्या आधीच्या गुणांपासून केली होती. आपल्याकडे चाचणी घेणारा आणि जिची मोजणी व्हायची ती व्यक्ती एकच आहे. हे बदलत नाही तोवर या गुणांना वेतनश्रेणीच्या जवळपासही फिरकू देऊ नये.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण किंवा ‘परख’ यांचे आकडेही शिक्षकाला लावता येत नाहीत. ती नमुना सर्वेक्षणे आहेत. जिल्हा कुठे उभा आहे एवढेच ती सांगतात.

पेपरांचा खरा उपयोग वर्गातच आहे. बारापैकी नऊ जणांनी 52 वजा 28 चे उत्तर 34 लिहिले असेल, तर मुलांनी दशक उसना घेतला पण तो कमी केला नाही हे गुरुजींना त्याच दुपारी कळते, आणि उद्याचा तास कशावर घ्यायचा हेही. ऑनलाइन भरलेल्या ‘52 टक्के’ या आकड्यात हा दशक कुठेच दिसत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी बैठकीत शाळेची सरासरी विचारत बसण्यापेक्षा आपल्या लेकराचा पायाभूतचा आणि एप्रिलचा पेपर मागावा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.