‘हा तोच’ आणि ‘हा नाही’ : याद्या जोडताना

मंडळी, आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाला डेटाबेसशी काय देणंघेणं? पण वेगवेगळ्या ठिकाणची माहिती जोडून एक अहवाल काढायचा, या कामात दोन जुने प्रश्न दडलेले आहेत. ‘हा तोच’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आणि ‘नाही’ हे आपल्याला कळतं कसं?

पहिला प्रश्न घेऊ. आपल्या परंपरेत देवदत्ताचं उदाहरण देतात. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे दिसतो आणि आपण म्हणतो, तोच हा. याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. याद्या जोडताना नेमकं हेच घडतं. दवाखान्याच्या नोंदीत एक ओळ, प्रयोगशाळेच्या यादीत दुसरी. दोन्ही एकाच माणसाच्या, असं आपण ठरवतो आणि अहवालात त्यांची एक ओळ करतो. म्हणजे प्रत्येक जोडणी हे एक विधान असतं आणि ते चुकू शकतं.

दोन्हीकडे एकच ओळख क्रमांक असेल तर प्रश्न नाही. नसेल तर आपण नाव, जन्मतारीख, गाव ताडून बघतो. आता बघा, ‘कुलकर्णी’ हे आडनाव रोमन लिपीत कितीतरी तऱ्हांनी लिहितात. लग्नानंतर बाईच्या नावातलं वडिलांचं नाव जातं, नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. यंत्राच्या लेखी एकीच्या दोघी झाल्या! उलट, शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली माणसं आपल्याकडे थोडी नाहीत. एकाच गावात एकाच नावाचे दोघे, दोघेही १ जूनचे, की यंत्र त्यांचा एकच माणूस करून टाकतं. जुळवण्याचा नियम कडक केला तर पहिली चूक वाढते, सैल केला तर दुसरी. १९६९ साली फेलेगी आणि सन्टर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं, तेव्हा त्यांनी तीन कप्पे केले : जुळलं, जुळलं नाही, आणि संशयित. हा तिसरा कप्पा माणसानं डोळ्यांनी तपासायचा. घाईत आपण नेमका तोच काढून टाकतो.

आता दुसरा प्रश्न. सप्टेंबर २०२०, इंग्लंड. खासगी प्रयोगशाळा कोविड चाचण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फायलींमधून पाठवत. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था ते एक्सेलमध्ये घेऊन पुढे मुख्य यंत्रणेत भरत असे. वापरात एक्सेलचा जुना फाइल-प्रकार होता. त्याच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. शीट भरली आणि उरलेल्या ओळी गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्या रुग्णांना आपापला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम मात्र उशिरा सुरू झालं. तोवर ती माणसं घरात, कामावर वावरतच होती.

भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, त्यावरून घट नाही हे कळतं. पण त्याला अट आहे : घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. भरून गेलेली शीट म्हणजे असा अंधारच. अहवालात नाव नाही, यावरून माणूस नाही हे ठरत नाही.

मग उजेड कसा करायचा? उपाय साधे आहेत. प्रत्येक यादीतून किती ओळी निघाल्या आणि अहवालात किती पोचल्या, याचा ताळा मांडा. न जुळलेल्या ओळी टाकू नका, वेगळ्या शीटवर ठेवा. ‘इनर जॉइन’ दोन्हीकडे सापडलेलंच ठेवतो आणि बाकीचं मुकाट्यानं गाळतो. ‘फुल आउटर जॉइन’ न जुळलेलंही रिकाम्या रकान्यासह दाखवतो. तो रिकामा रकाना शून्यानं भरू नका. चाचणी झाली नाही आणि चाचणीत काही निघालं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती यादी कोणत्या तारखेची आणि कोणत्या नियमानं जुळवली, हेही अहवालावर लिहा.

हे कशासाठी? यादीतून गळलेल्या माणसाला आपण गळलो हे कित्येकदा कळतच नाही, त्यामुळे तो तक्रार करायला येत नाही. त्याची चौकशी अहवाल काढणाऱ्यानेच करायला हवी. तेव्हा यापुढे कुणी तुमच्यासमोर नीटनेटका अहवाल ठेवला, की आकडे वाचण्याआधी एवढंच विचारा : यात न जुळलेले किती होते, आणि ते कुठे आहेत?