ऑनलाइन खेळखात्याचे निलंबन आणि दाद मागण्याची प्रक्रिया : ‘स्टीम’ सेवेच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : ऑनलाइन गेमिंग, खाते निलंबन, स्वयंचलित तपासणी, दाद

प्रस्तावना

संगणकीय खेळांच्या वितरणात अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टीम’ या सेवेचे स्थान महत्त्वाचे आहे. येथे ग्राहकास खेळाची मालकी नव्हे, तर केवळ वापराचा परवाना मिळतो. परिणामी खाते बंद झाल्यास पैसे मोजून जमविलेला संग्रहही दुरावतो. प्रस्तुत लेखात निर्बंधांचे प्रकार व त्यांविरुद्ध दाद मागण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे.

निर्बंधांचे प्रकार

खात्यावरील निर्बंधांचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार खाते कुलूपबंद होण्याचा. पासवर्ड चोरीस गेल्याचा संशय किंवा बँकेमार्फत रक्कम परत मागितल्याने उद्भवलेला वाद ही त्याची प्रमुख कारणे होत. दुसरा प्रकार ‘व्हॅक’ या फसवणूकविरोधी प्रणालीने घातलेल्या बंदीचा. ही बंदी कायमस्वरूपी असली तरी ती संबंधित खेळाच्या संरक्षित सर्व्हरपुरती मर्यादित असते. अन्य खेळ खेळता येतात. तिसरा प्रकार खेळाच्या निर्मात्याने स्वतंत्रपणे घातलेल्या बंदीचा होय.

दाद मागण्याचे मार्ग

पहिल्या प्रकारात स्टीमच्या साहाय्य विभागाकडे जुन्या खरेदीचा तपशील वा अन्य पुरावा देऊन खात्यावरील हक्क सिद्ध करावा लागतो. तिसऱ्या प्रकारात स्टीमकडे केलेला अर्ज निष्फळ ठरतो; निर्मात्याकडेच जावे लागते. ‘व्हॅक’ बंदी मात्र साहाय्य विभागही उठवू शकत नाही. खाते दुसऱ्याने वापरले हा बचावही ग्राह्य धरला जात नाही, कारण खात्याची जबाबदारी खातेदारावरच असते. बंदी चुकीची ठरल्यास कंपनी स्वतःहून ती मागे घेते.

यंत्राच्या चुका

अशा चुका घडल्याची उदाहरणे आहेत. जुलै २०१० मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळाच्या सुमारे १२,००० खेळाडूंवर चुकून बंदी आली. कंपनीने ती रद्द करून दिलगिरी व्यक्त केली आणि नुकसानभरपाई म्हणून त्यांना ‘लेफ्ट ४ डेड २’ हा खेळ विनामूल्य दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी कंपनीच्या ‘अँटी-लॅग प्लस’ सुविधेमुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या निर्दोष खेळाडूंवर बंदी आली. ही सुविधा खेळाच्या संगणकीय आज्ञावलीत हस्तक्षेप करीत असल्याने प्रणालीने तिला फसवणूक मानले. एएमडीने संबंधित ड्रायव्हर मागे घेतला.

निष्कर्ष

दोन्ही प्रसंगी दोष सामुदायिक व तांत्रिक असल्यामुळे तो उघडकीस आला. एकट्यादुकट्या खेळाडूवर अन्याय झाल्यास त्याला ही अनुकूलता लाभत नाही. शोधपद्धती उघड झाल्यास फसवणूक करणारे सावध होतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद रास्त आहे. तथापि पुराव्याअभावी आरोपाचे खंडन कशाच्या आधारे करावे, हा प्रश्न उरतोच. म्हणून खातेदाराने प्रथम निर्बंधाचा प्रकार निश्चित करावा, योग्य यंत्रणेकडे जावे आणि दयायाचना न करता दिनांक, खरेदीच्या पावत्या व संगणकातील अलीकडील बदल यांचा वस्तुनिष्ठ तपशील सादर करावा. कंपन्यांनीही अंतिम निर्णय मानवी फेरतपासणीविना घेऊ नये, हे न्यायास धरून होईल.