एकविसावा संघ

लहानपणी माझ्या तिकिटांच्या वहीत इटलीचं एक तिकीट होतं. त्यावर काळ्या शाईत मागाहून उठवलेली अक्षरं होती : ए.एम.जी.–एफ.टी.टी. घरात, शाळेत कुणालाच त्यांचा अर्थ सांगता येईना. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. महायुद्धानंतर ट्रिएस्ट बंदरावर इटली आणि युगोस्लाव्हिया दोघांनीही हक्क सांगितला, तेव्हा तडजोड म्हणून सप्टेंबर १९४७ मध्ये ‘ट्रिएस्टचा स्वतंत्र प्रदेश’ अस्तित्वात आला. शहराचा कारभार ब्रिटिश-अमेरिकन लष्कराकडे राहिला. तिकिटं इटलीची, वर शिक्का लष्कराचा. त्या शिक्क्याचा माग काढता काढता मी नेरेओ रोक्कोपाशी येऊन पोचलो.

मिलानला १९६३ आणि १९६९ मध्ये युरोपियन कप जिंकून देणारा रोक्को फुटबॉलवेड्यांना ठाऊक असतोच. जाडजूड, ट्रिएस्टच्या बोलीतच बोलणारा ‘पारोन’, म्हणजे धनी. त्या रोक्कोवर इटालियन लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला ओढ त्याच्या आधीच्या रोक्कोची. जन्म १९१२ चा, म्हणजे ट्रिएस्ट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं तेव्हाचा. घराण्याचं आडनावही जर्मन वळणाचं. पुढे फॅसिस्टांच्या राज्यात अशा असंख्य आडनावांना इटालियन रूप आलं, तसं त्यालाही आलं. १९३० ते १९३७ तो गावच्या ट्रिएस्टिना क्लबकडून खेळला, मग नापोली, मग पादोवा. इटलीकडून एकच सामना, १९३४ मध्ये ग्रीसविरुद्ध. खेळाडू चांगला, पण अलौकिक वगैरे नव्हे.

आता १९४७-४८ च्या सेरी आ स्पर्धेचा गुणतक्ता. माझ्या मते ट्रिएस्टवरच्या कुठल्याही करारापेक्षा हा कागद जास्त बोलका आहे. त्यात संघ आहेत २१. लीग भरवणारा कुणी शहाणा माणूस विषम आकडा घेत नाही, कारण मग दर आठवड्याला एका संघाला बसवून ठेवावं लागतं. पण आदल्या हंगामात ट्रिएस्टिना तळाला गेली होती. बिचाऱ्यांना घरचे सामनेही उदिनेला जाऊन खेळावे लागत होते. नियमाप्रमाणे ती खालच्या वर्गात जायला हवी होती. इटालियन फेडरेशनने तिला वरच ठेवून घेतलं. ज्या शहरावर आपण हक्क सांगतो, त्याचा संघ आपल्याच लीगमधून कसा काढायचा?

या औदार्याला दुसरीही बाजू होती. ट्रिएस्टच्या कामगारवस्तीत पोन्झियाना नावाचा क्लब होता. त्याच नावाने निघालेला ‘अमातोरी पोन्झियाना’ १९४६ पासून चक्क युगोस्लाव्हियाच्या पहिल्या लीगमध्ये खेळू लागला. मूळचा पोन्झियाना इटलीतच राहिला. म्हणजे एकाच गावचा एक संघ तोरिनोशी भिडणार आणि दुसरा बेलग्रेडच्या पार्टिझानशी. आपल्या बाजूचा संघ टिकवायला दोन्ही देश सारखेच उतावीळ. खेळात राजकारण आणू नये म्हणणाऱ्यांनी त्या गावात आठ दिवस काढायला हवे होते.

तक्त्यात जबरदस्तीने बसवलेला हा एकविसावा संघ १९४७ मध्ये रोक्कोच्या हाती आला. हाताशी पैसा बेताचा आणि नावाजलेले खेळाडू नाहीत. तेव्हा सगळ्यांच्या खेळात बचावपटू आपापला प्रतिस्पर्धी धरून असत. एक जण चकला की मागे रान मोकळं. रोक्कोने एक माणूस त्यांच्याही मागे उभा केला. त्याने कुणालाच धरायचं नाही, निसटून येईल त्याला अडवायचं. पुढे याला नाव पडलं ‘कातेनाच्चो’, म्हणजे दाराचा अडसर. ही युक्ती आधी कुणाची, यावर आजही वाद होतात. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल राप्पान तसं खेळवत होता, आणि त्याच २१ संघांतल्या सालेर्नितानाचा जिपो वियानीही. वियानीचा संघ त्या वर्षी खाली घसरला, म्हणून श्रेय रोक्कोकडे अंमळ जास्तच गेलं, असं मला वाटतं. गंमत म्हणजे पुढे मिलानमध्ये हे दोघे एकत्र काम करत होते.

अडसर लागला. हंगामाअखेर तोरिनो ६५ गुणांनी पहिले. त्यांच्याखाली ४९ गुणांवर तीन नावं : मिलान, युव्हेंटस आणि ट्रिएस्टिना.

१९५० मध्ये रोक्कोने क्लब सोडला. १९५३ मध्ये परत आला, पण हंगाम संपायच्या आतच त्याला काढून टाकलं. इतकं करून दाखवलेल्या आपल्याच माणसाला असा निरोप! तो पादोवाला गेला आणि त्या आडगावच्या क्लबला १९५८ मध्ये तिसऱ्या स्थानावर नेऊन बसवलं. अमातोरी पोन्झियानाचा खेळ तर टिटो-स्टालिन यांच्यात फाटल्यावर, १९४९ मध्येच आटोपला होता. ऑक्टोबर १९५४ मध्ये ट्रिएस्ट इटलीकडे परतलं आणि माझ्या तिकिटावरचा शिक्का बंद झाला.

रोक्को १९७९ मध्ये ट्रिएस्टमध्येच वारला. १९९२ मध्ये तिथे उघडलेल्या नव्या स्टेडियमला त्याचं नाव दिलं. शेजारीच जुनं मैदान आहे, ज्युसेप्पे ग्रेझारच्या नावाचं. ग्रेझारही ट्रिएस्टचाच. ट्रिएस्टिनातून तो तोरिनोत गेला, आणि मे १९४९ मध्ये सुपेर्गाच्या टेकडीवर त्या संघाचं विमान कोसळलं, त्यात गेला. ६५ गुणांच्या तोरिनोत तो होता.